सही कोणाची?

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत कोणत्या डॉक्टरने काय लिहावे, ह्याचे काही अलिखित संकेत आहेत. हृदयरोगतज्ज्ञ कोलेस्टेरॉलवर लिहितात, निवृत्त सर्जन चारधामचे अथवा युरोपचे प्रवासवर्णन देतात, आणि बालरोगतज्ज्ञाकडून लसीकरणाचे वेळापत्रक किंवा 'मुले आणि मोबाइल' असा एखादा विषय अपेक्षित असतो. गेली कित्येक वर्षे मी ही अपेक्षा मुकाट्याने पुरी केली. ह्या वेळी संपादकांनी 'मनातले काहीतरी द्या' असा आग्रह धरला, आणि माझ्या मनात तर २०१० सालापासून एक तक्रार घर करून बसलेली आहे. ती एका अल्बमविषयी आहे. अल्बमचे नाव 'मायकेल'. ज्याच्या नावाने तो निघाला, त्या मायकेल जॅक्सनला जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते.

इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्या, पंचावन्नी गाठलेल्या माणसाने मायकेल जॅक्सनवर लिहावे, ह्याची काहींना गंमत वाटेल. वाटू द्यावी. आमच्या घरी गाणे म्हणजे नाट्यसंगीत, आणि त्याच्याही वर उस्ताद अमीर खाँ. खाँसाहेब इंदूरचे, म्हणून वडिलांना त्यांच्याविषयी घरच्या माणसाविषयी असावा तसा अभिमान. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. नाना स्वतःही गात. रीतसर शिकलेले नव्हते, पण गणपतीत घरच्या बैठकीत एखादे पद म्हणण्याइतका गळा त्यांना होता. अशा घरात १९८४ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या आतेभावाने 'थ्रिलर'ची कॅसेट आणली. १९८२ च्या नोव्हेंबरात निघालेला हा अल्बम आमच्यापर्यंत पोहोचायला दीड वर्ष लागले होते. दार लावून आम्ही ती कॅसेट ऐकत असताना नाना दारात येऊन उभे राहिले. आता बंद करायला लावणार, अशी आमची खात्री होती. त्यांनी एक अख्खे गाणे उभ्याने ऐकले आणि म्हणाले, "शब्द काही कळत नाहीत. पण पोरगा लयीला पक्का आहे." एवढे बोलून ते निघून गेले. पुढे कोणत्याही समीक्षकाने केलेली स्तुती मला त्याहून मोठी वाटली नाही.

त्यानंतर 'ऑफ द वॉल' (१९७९) मागे जाऊन ऐकला, 'बॅड' (१९८७) आणि 'डेंजरस' (१९९१) निघाले तसे घेतले. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात त्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा मी बालरोगशास्त्राचा निवासी डॉक्टर होतो. मामा आजारी असल्याचे सांगून रजा मिळवली, विद्यावेतनाचा मोठा हिस्सा तिकिटात घातला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. परत आल्यावर विभागप्रमुखांनी राउंडमध्ये सर्वांदेखत विचारले, "काय डॉक्टर, मामा बरे आहेत ना? फार नाचले म्हणे!" आजही आमच्या बॅचचे लोक भेटले की मामांची चौकशी करतात.

त्या कार्यक्रमाविषयी एक कबुली द्यायला हवी. बरीचशी गाणी तो प्रत्यक्ष गात नव्हता. ध्वनिमुद्रित आवाजावर ओठ हलवीत नाचत होता. त्या दौऱ्यात सर्वत्र हाच प्रकार होता, हे पुढे सर्वश्रुत झाले. मैदानात उभ्या असलेल्या मला ते तिथेच जाणवले आणि थोडे खट्टू व्हायला झाले. तरी आवाज होता त्याचाच, त्याने स्वतः ऐकून पसंत केलेला.

पाच वर्षांनी ऑक्टोबर २००१ मध्ये 'इन्व्हिन्सिबल' आला. सोळा गाणी, सत्याहत्तर मिनिटे. त्या अल्बमने माझी निराशाच केली. अतिशय घासूनपुसून घेतलेल्या, पण मोकळेपणाने श्वास न घेणाऱ्या त्या चिजा होत्या. सोळांतली आठ ठेवून बाकीची काढून टाकली असती तर फार बरे झाले असते, असे मी मित्रांना सांगत असे. पण निराशेतही एक समाधान होते: फसला तो स्वतः फसला. चार वर्षे खपून, प्रत्येक गाणे शंभरदा ऐकून, हे जगापुढे ठेवावे असे त्यानेच ठरवले होते. मी रागावलो तर तो त्याच्यावर, आणि त्याला उत्तर देण्याची मुभा होती. चाहता आणि कलावंत ह्यांच्यातले हे भांडण सरळ असते. नाना खाँसाहेबांच्या एखाद्या बैठकीवर नाराज होऊन घरी येत आणि दोन दिवस कोणाशी बोलत नसत, त्याच जातीचे.

२५ जून २००९ रोजी तो गेला. कसा गेला, हे ह्या स्मरणिकेच्या वाचकांना विस्ताराने सांगणे नको. जे प्रोपोफॉल आपले भूलतज्ज्ञ मित्र शस्त्रक्रियागृहात, सर्व सामग्री हाताशी ठेवून वापरतात, ते एका डॉक्टरने त्याच्या निजण्याच्या खोलीत झोपेसाठी वापरले. नोव्हेंबर २०११ मध्ये ज्यूरीने त्या डॉक्टरला मनुष्यवधासाठी दोषी ठरवले. त्या बातमीने मला चाहता म्हणून जेवढे वाईट वाटले, त्याहून अधिक डॉक्टर म्हणून वाटले.

मृत्यूनंतरच्या व्यवहाराचा वेग मात्र थक्क करणारा होता. मार्च २०१० मध्येच त्याची इस्टेट आणि सोनी कंपनी ह्यांच्यात नवा करार झाला. दहा प्रकल्प, आणि रक्कम पंचवीस कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकेल, असे वृत्तपत्रांनी छापले. त्या कराराखालचा अप्रकाशित गाण्यांचा पहिला अल्बम म्हणजे डिसेंबर २०१० मधला 'मायकेल'.

ती सी.डी. मी ज्या संध्याकाळी घेतली त्याच संध्याकाळी, शेवटचा रुग्ण गेल्यावर, कंपाउंडरला घरी पाठवून, क्लिनिकच्या संगणकावर हेडफोन लावून ऐकली. पहिले गाणे एकॉन ह्या गायकाबरोबरचे. ते पुढच्या संग्रहात सर्वांआधी यावे, असे मायकेलने लिहून ठेवलेली चिठ्ठी असल्याचे इस्टेटीकडून सांगितले गेले होते, आणि ते गाणे ऐकायला बरेही वाटले. दुसरेही निभावले. तिसऱ्या गाण्याशी मी थबकलो. पाचव्याशी पुन्हा. सातव्या गाण्याला हेडफोन काढून ठेवले.

आपण बालरोगतज्ज्ञ मंडळी आवाजावर फार अवलंबून असतो, कारण आमचा रुग्ण बोलून काही सांगत नाही. बाळाचे रडणे घोगरे असले की थायरॉइडची आठवण होते, कर्कश आणि उंच असले की मेंदूच्या आवरणाची. श्वास आत घेताना घर्र वाजतो की बाहेर सोडताना कण्हल्यासारखा येतो, ह्यावर निदानाची दिशा बदलते. आणि प्रसूतिकक्षातील कोणत्याही नर्सला विचारा: दहा बाळे एकदम रडत असली तरी आई आपल्या बाळाचा आवाज वेगळा काढते. पंचवीस वर्षे ज्याला ऐकले त्याच्या आवाजाची अशी ओळख चाहत्यालाही होते. मायकेलच्या गाण्यात शब्दांइतकेच महत्त्व शब्दांमधल्या जागेला असे. ओळ उचलण्यापूर्वी घेतलेला तोकडा श्वास, घशातला हुंदका, बोटांची चुटकी, पायाचा ठेका. त्याचे ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडीन हे सारे मुद्दाम राखून ठेवीत. गाताना त्याचा पाय वाजत असे, म्हणून पायाखाली लाकडी चौथरा देत. १९७९ च्या 'शीज आउट ऑफ माय लाइफ' ह्या गाण्याच्या अखेरीस तो दर वेळी रडू लागे, तेव्हा निर्माते क्विन्सी जोन्स ह्यांनी ते रडे तसेच ठेवले.

त्या तीन गाण्यांत मला हा माणूस सापडेना. आवाजाची जात जवळची होती, पण लांबवलेल्या सुरावरचा कंप भलताच वेगवान आणि एकसारखा. जणू कोणीतरी त्याची नक्कल फार काळजीपूर्वक करीत आहे. आणि जिथे त्याचा श्वास यायला हवा तिथे काहीच नव्हते.

हे माझे कानांचे निदान आहे. प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे. तसे निदान करणारा मी एकटाही नव्हतो. सातवे गाणे, 'ब्रेकिंग न्यूज', नोव्हेंबर २०१० मध्ये आधीच ऐकवले गेले, त्या वेळीच त्याच्या कुटुंबातील काही जणांनी हा आवाज त्याचा नाही असे म्हटले होते. ही तीन गाणी २००७ साली न्यू जर्सीतील एका स्नेही कुटुंबाच्या घरी मुद्रित झाली, असे सांगितले जात होते. सोनीने आवाज मायकेलचाच असल्याचा निर्वाळा दिला. पुढे २०१४ साली कॅलिफोर्नियातील एका चाहतीने ग्राहक म्हणून खटला भरला: वेष्टनावर मायकेलचे नाव घालून विकलेला आवाज दुसऱ्याचा असेल तर ती फसवणूक होय, असा तिचा मुद्दा. तो खटला आठ वर्षे चालला. जुलै २०२२ मध्ये तिन्ही गाणी ऑनलाइन सेवांवरून काढून टाकण्यात आली आणि त्याच वर्षी तडजोड झाली. गाणी काढण्याचा आवाजाच्या खरेखोटेपणाशी संबंध नाही, असे सोनी आणि इस्टेट ह्यांनी म्हटले. आवाज कोणाचा, ह्याचा निर्णय न्यायालयात कधी झालाच नाही. ज्यांनी २०१० मध्ये सी.डी. घेतली त्यांच्या कपाटात ती तीन गाणी अजून आहेत, माझ्याही आहेत.

तथापि त्या तीन गाण्यांचा वाद क्षणभर बाजूला ठेवला, आवाज त्याचाच होता असे धरून चालले, तरी माझी तक्रार उरते, आणि खरी तक्रार तीच आहे.

'थ्रिलर'च्या वेळची एक हकीकत प्रसिद्ध आहे. काम संपले, कंपनीला तारीख दिली, शेवटचे मिश्रण ऐकायला सगळे जमले, आणि ऐकल्यावर मायकेलच्या डोळ्यांत पाणी आले, कारण तबकडीवर ते भिकार वाजत होते. प्रत्येक बाजूवर मावेल त्यापेक्षा अधिक संगीत कोंबले गेले होते. कंपनी वाट पाहत असताना त्याने तो अल्बम अडवून धरला. गाणी कापली, आणि एकेक घेऊन सगळे मिश्रण नव्याने केले. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. 'बिली जीन'ची एक्क्याण्णव मिश्रणे झाली आणि शेवटी दुसरे पसंत करण्यात आले, हे स्वीडीन मोठ्या गमतीने सांगत. आपल्याला ह्यातला वेडेपणा दिसतो. मला त्यात आणखी काही दिसते: नव्वद वेळा 'नाही' म्हणणारा माणूस. त्याने ज्या गाण्यांना आयुष्यभर बाहेर पडू दिले नाही, ती विसरला म्हणून पडून राहिलेली नव्हती. प्रत्येकावर त्याचा 'अजून नाही' असा शेरा होता.

'मायकेल' अल्बममधील दहावे, शेवटचे गाणे 'थ्रिलर'च्या काळातले आहे. म्हणजे जवळजवळ तीस वर्षे ते त्याच्यापाशी होते, आणि तरी त्याने ते दिले नाही. नववे, 'बिहाइंड द मास्क', मुळात जपानच्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्राचे, र्‍यूइची साकामोतो ह्यांच्या चालीचे. तेही त्याच काळात त्याने गायले होते आणि मानधनाच्या वाटणीवरून अडले. चौथ्या गाण्याचा कच्चा मसुदा त्याच्या हयातीत, २००४ च्या एका संचात प्रसिद्ध झालेला होता. साधा, मोजक्या वाद्यांचा. २०१० मध्ये त्यावर नवी वाद्ये, नवा ताल चढवण्यात आला. गंमत अशी, की त्या नव्या आवृत्तीच्या आरंभी मायकेल सहकाऱ्याला फोनवर ताल कसा हवा ते तोंडाने वाजवून सांगतो आहे. अवघ्या काही सेकंदांचा तो तुकडा. साऱ्या अल्बममध्ये मला मनापासून आवडलेली जागा तीच. तिथे कोणी त्याला सजवलेला नव्हता.

आता माझ्या व्यवसायातला मुद्दा. आपल्यापैकी बाकी सर्व शाखांत रुग्ण संमतिपत्रावर स्वतः सही करतो. निदान तशी पद्धत आहे. माझ्या शाखेत रुग्ण कधीच सही करीत नाही. सही आई करते, वडील करतात, अनेकदा आजोबा पेन पुढे ओढतात. तीस वर्षे मी दुसऱ्याच्या सहीवरच काम करीत आलो आहे. त्यामुळे ह्या सहीचे बळ किती आणि मर्यादा कोणती, ह्याचा विचार मला रोज करावा लागतो. जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम ८९, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २७ झाले आहे, बारा वर्षांखालील मुलाच्या पालकाला संमतीचा अधिकार देते. पण त्या कृतीला दोन अटी घालते. ती सद्हेतूने केलेली असावी, आणि मुलाच्या हिताची असावी. पालकाच्या हिताची नव्हे. एखादे वडील मुलाची उंची वाढवण्यासाठी इंजेक्शनांचा आग्रह धरतात. तपासण्या करून पाहावे तर मुलाची वाढ अगदी यथायोग्य असते, उंची वडिलांना हवी असते. अशा वेळी त्यांची सही तयार असूनही मी सुई उचलत नाही. त्यांचे माझ्याविषयीचे मत त्यामुळे चांगले होत नाही, हे ओघानेच आले.

मृत कलावंताची स्थिती माझ्या रुग्णासारखी असते. तो बोलू शकत नाही, आणि त्याच्या वतीने सही करणारे पुष्कळ असतात. इस्टेटीची सही कायद्याने पूर्ण वैध असेल; मी कायद्याविषयी बोलत नाही. मी विचारतो, ह्या सहीने हित कोणाचे झाले? अर्धवट गाण्यांवर इतरांचे हात फिरवून ती 'नवा अल्बम' म्हणून विकण्याने मायकेल जॅक्सनला काय मिळाले? त्याच्या मुलांना पैसे मिळाले, कर्जे फिटायला मदत झाली, असे म्हणता येईल, आणि ते खोटे नाही. पण मग वेष्टनावर तसे लिहावे. नव्वद वेळा नकार देणाऱ्याचा एक्क्याण्णवावा होकार गृहीत धरू नये.

अप्रकाशित ते सारे जाळून टाकावे, असे माझे म्हणणे नाही. आपल्या घराजवळचे उदाहरण घ्या. अमीर खाँसाहेब फेब्रुवारी १९७४ मध्ये कलकत्त्यात मोटार अपघातात गेले. देवासला कुमार गंधर्व १२ जानेवारी १९९२ रोजी गेले. दोघांच्या खाजगी बैठकींची कितीतरी ध्वनिमुद्रणे आज ऐकायला मिळतात. त्यांत तंबोरा जुळवण्याचे आवाज आहेत, खोकला आहे, श्रोत्यांची दाद आहे. काही ठिकाणी द्रुत रंगात आलेली असताना टेप संपते आणि राग तिथेच तुटतो. त्या बैठकी बाजारात येण्यास दोघांनी होकार दिला असता काय, हा प्रश्न तिथेही आहे, आणि तो मी नाकारीत नाही. पण त्या तुटलेल्या द्रुतीपुढे कोणी स्वतःच्या ताना चिकटवल्या नाहीत. तुटले ते तुटलेले म्हणूनच आपल्या हाती आले, आणि ऐकणारा मनात पुढची तान घेतो. नानांना तर अशा जागा विशेष प्रिय होत्या. टेप तुटली की ते मान डोलावत आणि पुढचे काही क्षण कोणाला बोलू देत नसत.

पाश्चात्त्य मंडळींनाही हे अगदीच उमगले नाही असे नव्हे. मे २०१४ मध्ये आलेल्या 'एक्सस्केप' ह्या दुसऱ्या मरणोत्तर अल्बममध्ये आठ गाणी नव्याने सजवलेली होती, पण मोठ्या आवृत्तीत त्यांची मूळ ध्वनिमुद्रणेही जोडलेली होती. मी मूळच तेवढी ऐकतो. पॉल अँका ह्यांच्यासमवेत १९८३ मध्ये केलेले गाणे त्यात आहे. पियानो, चुटक्या आणि आवाज ह्यांवर उभे असलेले. ते ऐकून मी चाहता म्हणून तृप्त झालो. मग २०१० मध्ये एवढा प्रामाणिकपणा का जमला नाही, हा राग मात्र त्यामुळे दुप्पट झाला.

आणखी एक गोष्ट टाळून हा लेख पुरा करणे मला योग्य वाटत नाही. ज्याच्यावर मी एवढे लिहितो आहे, त्याच्यावर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले होते. १९९३ चे प्रकरण दिवाणी तडजोडीने मिटले. २००५ च्या जूनमध्ये दुसऱ्या प्रकरणातील सर्व आरोपांतून ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. २०१९ मध्ये एका माहितीपटात दोन पुरुषांनी स्वतःच्या बालपणाविषयी गंभीर कथन केले. इस्टेटीने ते नाकारले. मुलाचे म्हणणे गंभीरपणे ऐकणे हा माझा व्यवसायधर्म आहे, आणि ज्यूरीच्या निकालाला किंमत देणे हा नागरिकधर्म. ह्या दोहोंची सांगड मला आजवर घालता आलेली नाही, आणि गाण्याची आवड हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. 'इन्व्हिन्सिबल'मध्ये मुलांविषयी एक गाणे आहे. तो माहितीपट पाहिल्यापासून मी ते लावलेले नाही. एवढेच.

तर २०१० चा हा जुना राग आता का उगाळायचा? कारण तेव्हा ज्याला निष्णात नक्कलकार लागला असता, त्याला आता संगणक पुरतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये बीटल्सचे 'नाउ अँड देन' आले. लेननच्या घरगुती कॅसेटवरचा आवाज यंत्राच्या साहाय्याने पियानोपासून सोडवून घेतलेला. तिथे आवाज लेननचाच होता आणि मॅकार्टनी व रिंगो हे दोन सोबती हयात होते. मला ते पटले. पुढच्याच वर्षी ए. आर. रहमान ह्यांनी 'लाल सलाम' ह्या तमिळ चित्रपटातील एका गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद ह्या दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने घडवले. कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. रहमान सभ्य माणूस आहेत आणि त्यांनी ते उघडपणे सांगितले. पण जे गाणे त्या दोघांनी कधी पाहिलेच नाही ते त्यांच्या गळ्यातून काढले गेले. इथे आपण अर्धवट गाणे पुरे करण्याच्याही पुढे गेलो आहोत. परवानगी पुन्हा कुटुंबाचीच.

हे सारे मी ठामपणे लिहीत आहे खरा, पण सहा महिन्यांपूर्वी हा प्रश्न आमच्याच घरी आला. नानांच्या आवाजाची एक कॅसेट आहे, १९८१ च्या गणपतीतली. ते एक नाट्यपद म्हणत आहेत, मध्येच "चहा ठेवा" असे कोणालातरी सांगतात, आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या ऐन मध्यावर दिवे गेल्याने मुद्रण थांबते. येत्या माघात नानांची जन्मशताब्दी आहे. पुण्यात संगणकक्षेत्रात असलेला माझा पुतण्या म्हणाला, "काका, आजोबांचं पद मी पुरं करून देतो. चहाचं काढून टाकू." नमुन्यादाखल त्याने पाऊण मिनिटाचा तुकडा करून पाठवलाही. मी तो एकट्याने ऐकला. काम उत्तम होते. क्लिनिकमध्ये त्या रात्री हेडफोन काढताना वाटले होते तेच पुन्हा वाटले, आणि पुतण्याला नकार कळवायचा असे मी ठरवले.

तत्पूर्वी आईला ऐकवणे भाग होते. ती शहाऐंशी वर्षांची आहे. ऐकवण्याआधी मी स्पष्ट सांगितले, की पुढचे नानांनी म्हटलेले नाही, हे यंत्राने केले आहे. तिने सगळे ऐकले. पदराने डोळे पुसले. मी पुन्हा म्हणालो, "आई, हे नाना नाहीत."

"ठाऊक आहे रे मला," ती म्हणाली. "लाव पुन्हा."

मी पुन्हा लावले. त्या दिवशी चार वेळा लावले. पुतण्याला मी अजून काहीच कळवलेले नाही, आणि माघ आता फार लांब नाही.